मशीन तेवढं द्या, सांजच्याला आणून देतो

चेनसॉ, म्हणजे झाडं कापायचं चैनीचं मशीन, घ्यायची मला हौस नव्हती हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात आता सगळे म्हणतेत की ह्याला यंत्राचा लई नाद. नाद कसला डोंबलाचा. आमचा केज-अंबाजोगाईचा पट्टा, इथं दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात, आणि मागं उरतेत म्हातारी माणसं, शाळंतली पोरं आणि बांधावरच्या बाभळी. कुऱ्हाड चालवणारा माणूस हुडकायला गेलं तर हजेरी ऐकूनच आपण माघारी येतो. त्यात ओढ्याच्या कडंनी वेडी बाभूळ. ती दुष्काळात वाळत नाही, शेळ्या तिच्या शेंगा खाऊन बी गावभर पेरत हिंडतेत, आणि तोडली की पावसाळ्यात त्याच बुडातून चार फोक वर. तरीबी मी गप होतो. मग वळवाच्या पावसात वाटंवरचा लिंब आडवा झाला, ट्रॅक्टर निघंना, दुधाची गाडी निघंना, आणि घरात ठरलं की आता मशीन घ्यायचं.

घरात ठरलं, पण गावात ठरायचं होतं. हॉटेलवर विषय निघाला आणि ज्यांनी जिंदगीत चेनसॉला हात लावला नव्हता त्यांनी मला सीसी शिकवला. एकजण म्हणला, घ्यायचं तर 58 सीसीचंच घ्या, खाली बघूच नका. दुसरे म्हणले, पट्टी, म्हणजे जिच्या कडंनी चैन फिरते ती, 22 इंची पायजे, बारक्या पट्टीला लोक हसतेत. आता बांधावरच्या बाभळीचं खोड असतं केवढं, त्याला 16-18 इंची पट्टी रग्गड झाली, आणि पट्टी लांबली की इंजिनाची ताकद लांब चैन फिरवण्यातच जाते, वजन वाढतं, शेंडा पलीकडं कशाला टेकलाय ते दिसत नाही. आणि ह्या मशीनचा सगळा घात शेंड्यातच असतो बघा. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला लागला की मशीन उसळून थेट आपल्या तोंडाकडं येतं, म्हणून तर डाव्या हातापुढं चैन जागेवर थांबवणाऱ्या ब्रेकचा तो दांडा दिलेला असतो. हे सगळं मी हॉटेलवर सांगितलं. ऐकून झाल्यावर अण्णा म्हणले, "ते सगळं खरंय, पर घ्या 22 इंचीच."

पुण्याचा पुतण्या म्हणला, काका, पेट्रोलचं सोडा, लाइटवरचं घ्या, आवाज नाही, धूर नाही. त्याला काय सांगावं. आमच्या वावरात लाइट निम्मे दिवस रात्रीची येते. रात्री एक वाजता उठून मी बाभूळ कापायलो तर आवाज नसला म्हणून काय झालं, गाव काय म्हणंल?

शेवटी लातूरला गेलो. दुकानात गेलं की दोन दुनिया दिसतेत. एकीकडं नावाजलेल्या कंपन्या, जर्मनीची स्टिल 1926 पासूनची आणि स्वीडनची हुस्क्वर्ना तर 1689 साली बंदुका बनवायला निघालेली, म्हणजे शिवाजी महाराज जाऊन नऊ वर्षं झाली होती तवा. दुसरीकडं भिंतीला लायनीत टांगलेली स्वस्तातली मशीनं, लाल, केशरी, हिरवी, कुणावर वाघ कुणावर सिंह, पण झाकण काढून बघितलं तर बऱ्याच जणांच्या आत एकच इंजिन. दुकानदार मला सीसी सांगायला लागला. मी म्हणलं मालक, सीसी राहू द्या, ह्याचा प्लग, चैन, सुरू करायची दोरी आणि कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे तो रबरी पडदा, आत्ता दुकानात हाय का ते काढून दाखवा. पहिल्या दुकानदारानं "मागवून देऊ की" म्हणलं, आणि मराठवाड्यात मागवून देऊ म्हणजे काय ते ज्यानं मोटारीचा पार्ट मागवलाय त्याला विचारा. दुसऱ्यानं चारीबी वस्तू काउंटरवर मांडल्या. त्याच्याकडून घेतलं. 45 सीसी, 18 इंची पट्टी. कंपनी सांगत नाही, नाहीतर तुम्ही हॉटेलवर जाऊन त्याच्यावरबी चर्चा लावाल. माझं मत एवढंच की ज्याचा मिस्त्री तासाभराच्या वाटंवर आणि पार्ट हाताशी ते मशीन चांगलं, बाकी वाघ-सिंह सगळे सारखेच.

मशीन घरी आलं, नारळ फुटला, हळद-कुंकू झालं, इथपर्यंत सगळं बरं होतं. पण मला माहिती सांगायची खोड. जेवताना बोलून गेलो की चेनसॉचा मूळपुरुष लाकडासाठी नव्हताच, अठराव्या शतकाच्या शेवटाला स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी, जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री, दोन्हीकडं मुठी असलेली बारीक दातेरी साखळी काढली होती, अडलेल्या बाईचं बाळंतपण करताना हाड कापायला. माय हातातली भाकर ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. घरात सून सातव्या महिन्यात. त्याच संध्याकाळी मशीन घराबाहेर गेलं आणि गोठ्यात दावणीच्या वरल्या खुंटीला लटकलं, आणि खरी कथा तिथून सुरू झाली, कारण गोठा रस्त्याच्या कडंला आहे.

रस्त्यानं जाणाऱ्याला मशीन दिसतं. दिसलं की त्याला त्याच्या बांधावरचं झाड आठवतं. "दादा, मशीन तेवढं द्या, सांजच्याला आणून देतो." आता नाही कसं म्हणावं, भावकी, शेजारी, सोयरे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्यानं आपल्याला कवातरी बैल दिलते तो. बैल मागणाऱ्याला बैलाला काय खाऊ घालायचं ते माहीत असतं. चेनसॉ मागणाऱ्याला फक्त दोरी कुठं असते एवढं माहीत असतं.

आता ऑइलचंच घ्या. हे टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमधेच टू-टी ऑइल मिसळावं लागतं, माझ्या मशीनच्या पुस्तकात 50 ला 1 आहे, म्हणजे लिटरला 20 मिली, बऱ्याच स्वस्त मशीनला 25 ला 1 म्हणजे लिटरला 40. ज्यांनी लुना चालवली त्या पिढीला हे सांगावं लागत नाही, फवारणीचा पेट्रोल पंप पाठीवर घेणाऱ्यालाबी कळतं, पण ज्या पोरांचा जन्म फोर-स्ट्रोक गाडीवर झाला ते सरळ मोटारसायकलीतून नळी लावून पेट्रोल काढतेत आन् ह्यात ओततेत. ऑइल नसलं की पिस्टन सिलिंडरला चिकटतो, मशीन सीझ, आणि सिलिंडरच्या बोअरचं काम मशीनच्या निम्म्या किमतीला. दुसरा वर्ग ह्याच्या उलटा, त्यांची लई श्रद्धा. "म्या तुमचं मशीन हाय म्हणून ऑइल दुप्पट घातलं, काळजीच करू नका." मग धूर असा की शेजारच्या वावरातला माणूस विचारतो पाचट पेटवलं का, आणि प्लग काळाकुट्ट होऊन बंद.

चैनीचं ऑइल वेगळं, त्याची टाकी वेगळी, ते पट्टीच्या खाचेतून चैनीला मिळतं. पेट्रोलची एक टाकी संपली की हीबी जवळजवळ संपली पाहिजे. संपली नाही तर खूश नाही व्हायचं, ऑइल पोचत नाही, भोक भुश्यानं बुजलंय असं समजायचं. बघायची रीत सोपी, पट्टीचा शेंडा पांढऱ्या पोत्यापुढं धरायचा, रेस द्यायची, पोत्यावर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे. गावाचा मात्र ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलवर अपार विश्वास. ते पातळ, चैनीवर टिकत नाही, वर त्यात लोखंडाचा कीस. पण फुकट.

आन् दोरी! मशीन सुरू करणं हा आमच्याकडं सार्वजनिक कार्यक्रम आहे. नियम असा की चोक ओढायचा, दोरीला झटके द्यायचे, इंजिन एकदा फट्ट करून बोललं की चोक मागं घ्यायचा आणि मग सुरू करायचं. ते फट्ट लक्षात येत नाही, कारण भोवती जमलेली मंडळी एकाच वेळी बोलायलेली असतेत. मग चोक लावून ओढत राहतेत, पेट्रोल भरून प्लग भिजतो, की आणखी ओढतेत. भावकीतल्या एकानं तर दंड सुजंपर्यंत ओढलं आणि मला बोलावणं धाडलं की तुमचं मशीन खराब निघालं. जाऊन बघतो तर बटण बंद. मी काही बोललो नाही, बटण वर केलं, ओढलं, सुरू झालं. तो सगळ्यांकडं बघून म्हणला, "म्या गरम करून ठेवलतं म्हणून लागलं."

पण सगळ्यात मोठं दुखणं धारेचं. कुऱ्हाड कशी, बोथट झाली की लोहाराकडून शेवटून आणायची. चैनीला दातच लई. माझ्या चैनीत 72 ड्राइव्ह लिंक, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्या, त्यातल्या दर दोन लिंकला एक दात, म्हणजे 36, निम्मे डावे, निम्मे उजवे. हे डावं-उजवं काढणारा माणूस अमेरिकेतल्या ऑरेगनचा, जोसेफ कॉक्स. 1946 च्या सुमाराला त्यानं लाकूड खाणारी अळी बघितली, ती एकदा डावीकडं एकदा उजवीकडं कुरतडत जाते, त्यावरून त्यानं तशी चैन केली आणि आजबी जवळजवळ तीच चालते. आपल्याकडं अळी दिसली की आपण फवारा मारतो, त्यानं कंपनी काढली. तर ह्या प्रत्येक दाताला गोल कानस लावायची, माझ्या चैनीला 4.8 मिलीमीटरची, 30 अंशाचा तिरपा कोन धरून, फक्त पुढं ढकलायची, माघारी घासायची नाही, आणि सगळ्या दातांना झटके सारखे. एका बाजूचे दात जास्त घासले की मशीन सरळ कापतच नाही, पट्टी वाकडी वाकडी जाते आणि खोडात अडकून बसते. उजव्या हाताच्या माणसाला एक बाजू सोपी जाते, त्यामुळं उसनं गेलेलं मशीन माघारी आलं की ते कुठल्या बाजूला वळतंय त्यावरून मी सांगू शकतो की कुणी घासलं. धार आहे का गेली हे भुश्यावरून कळतं, चांगल्या धारेचा भुसा जाड कपच्यांचा पडतो आणि धार गेली की पिठासारखा. तरी माणसं पीठ पाडत पाडत मशीनवर छाती टेकून जोर लावत राहतेत.

आणि धार जायला काय लागतं, चैन एकदा मातीला लागली तरी पुरं. आमच्याकडं झाड जमिनीच्या जेवढं जवळ कापलं तेवढं फायद्याचं मानतेत. त्याच्याहून वाईट म्हणजे रस्त्याकडंचे लिंब. बाहेरून बघितलं तर लिंब, आत लोखंडाचं दुकान. कोचिंग क्लासची पाटी, मुतखड्याच्या औषधाची पाटी, प्लॉट विकण्याची पाटी, सगळ्यांचे खिळे सालीनं गिळून टाकलेले. वळवात पडलेला तो आमचा वाटंवरचा लिंब आठवा, त्यावर माझं नवंकोरं मशीन लावलं आणि मधोमध आल्यावर ठिणगी उडाली. जिल्हा परिषदेच्या कुठल्यातरी जुन्या निवडणुकीतला खिळा, वर फ्लेक्सची चिंधीसुद्धा होती. त्या उमेदवाराचं तवा डिपॉझिट गेलं, माझी आत्ता चैन गेली. नवी घ्यायला गेलो तर "18 इंची द्या" म्हणून भागत नाही, पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर, जाडी आणि लिंक असे तीन आकडे लागतेत, ते पट्टीच्या बुडाला कोरलेले असतेत, फोटोच काढून नेत जा.

गोठ्यातल्या मुक्कामाचे आणखी गुण म्हणजे एअर फिल्टरमधे कडब्याचा भुगा आणि टाकीत शिळं पेट्रोल. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि मशीन बरेच दिवस तसंच ठेवलं तर कार्बोरेटरच्या रबरी पडद्याचं वाटोळं होतं. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडंपर्यंत चालू ठेवायचं. म्हणजे बघा, आमच्याच गावची माणसं ऊस तोडायला जातेत म्हणून मी मशीन घेतलं, त्याच उसाचं इथेनॉल होतं, आणि ते माघारी येऊन माझं मशीन खातं. ह्याच्यावर कुणाला बोलावं ते कळत नाही.

मधे मी कायद्याचा आधार घेतला. चिंच, आंबा, साग तोडायचा तर 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं परवानगी लागते, तेव्हा म्हणायला लागलो, कागद आणा मग मशीन न्या. त्यानं झालं असं की सगळ्या गावाच्या बांधावर एकाएकी फक्त बाभळीच उरल्या. ज्याची चिंच मी लहानपणी स्वतः खाल्लीय तो माणूस माझ्या डोळ्याला डोळा लावून म्हणला, बाभूळच हाय ती.

आता मशीन एकटं जात नाही, मी बरोबर जातो. हेल्मेट, गॉगल, कानाला मफ, बूट. हा अवतार बघून पोरं मागं पळतेत आणि ज्याचं झाड असतं तो स्वतः बनियन आणि चप्पल घालून फांदीच्या खाली उभा असतो, त्याला हटवण्यात माझा निम्मा वेळ. चैन गरम होऊन लोंबली की मी थांबून ताणतो, काम झाल्यावर परत सैल सोडतो कारण गार होताना ती आवळते, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, "आधी घट्ट केलं, आता ढिलं करायलेत, ह्यांचं ह्यांनाच कळंना."

परवा परळीकडच्या पावण्यांचा फोन आला. वावरात लिंब पडलाय म्हणले. मी काही पुढं बोलूच दिलं नाही, म्हणलं पावणं, मशीन मिस्त्रीकडं टाकलंय, कार्बोरेटर खोललाय, पंधरा दिवस तरी काही भरवसा नाही.

पावणे म्हणले, "राहू द्या हो मशीन, आम्ही आमचं घेतलंय, 22 इंची. तुम्ही कानस तेवढी घेऊन या. आन् येताना ऑइल."