राघोबादादा छत्रपती नव्हते : आनंदवल्लीविषयीच्या संदेशाचा खुलासा

नाशिकमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर आनंदवल्लीची माहिती देणारा एक संदेश फिरत असून, 1749 मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर छत्रपतींची गादी संपली आणि 1773 मध्ये आनंदवल्लीचे राघोबादादा मराठ्यांचे राजे झाले, असे त्यात म्हटले आहे. नाशिकच्या आनंदवल्लीशी रघुनाथरावांचा, म्हणजेच राघोबादादांचा, संबंध खरा आहे. बाकी दोन्ही विधाने चुकीची आहेत.

शाहू महाराजांनंतर 1750 मध्ये साताऱ्याच्या गादीवर रामराजे, म्हणजे दुसरे राजाराम, आले आणि 1777 पर्यंत तेच छत्रपती होते. ते ताराबाईंचे खरे नातू होते की नाही हा वाद ताराबाईंनीच पुढे उभा केला, पण त्यामुळे गादी रिकामी झाली नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावांना मिळाली ती पेशवाईची वस्त्रे, म्हणजे प्रधानपदाची नेमणूक, आणि तीही साताऱ्याहूनच. पुढच्याच वर्षी पुरंदरावर अवघ्या 40 दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाई द्यायची ठरली, तेव्हाही साताऱ्याची वस्त्रे आणावी लागली. नारायणरावांच्या आधीचे पेशवे थोरले माधवराव यांच्या मुद्रेचा आरंभच ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान’ असा, म्हणजे धन्याच्या नावाने होतो आणि स्वतःचा उल्लेख ते ‘प्रधान’ असा करतात.

आपण सहज ‘पेशव्यांची गादी’ म्हणतो, त्यातूनच हा घोळ झाला असावा. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात होती हे मान्य करूनही साताऱ्याच्या छत्रपतींना वगळणे अन्यायाचे आहे, कारण ती गादी रामराजांनंतर दुसरे शाहू, प्रतापसिंह आणि शहाजी अशी 1848 पर्यंत चालली.