दोन बोटं आणि दोन तास

सनस्क्रीनविरुद्ध माझी एकच तक्रार आहे. त्याच्याबद्दल सांगतात ते सगळं खरं असतं. एखादा जरी नियम खोटा निघाला असता तरी तेवढंच धरून मी ती ट्यूब कपाटाच्या मागच्या कप्प्यात टाकून मोकळा झालो असतो. पण कुठलाही नियम तपासायला जावं तर मागे शास्त्र उभं असतं, आणि शास्त्राच्या मागे माझी भाची.

भाची त्वचारोगांत एमडी करते आहे. त्यामुळे घरातल्या कुणाच्याही चेहऱ्याकडे ती चेहरा म्हणून बघतच नाही. आल्या आल्या तिनं माझ्या गालावरचे डाग निरखले आणि विचारलं, "मामा, सनस्क्रीन लावतोस ना?"

"लावतो की!"

"किती?"

लावतोस का, हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. किती, हे विचारणारी ही पहिलीच. बोटाच्या टोकावर मावेल एवढं, असं मी खुणेनं दाखवलं. त्यावर तिनं काही न बोलता माझा हात ओढून घेतला आणि तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनच्या जाडजूड रेघा ओढल्या.

"हे एवढं?"

"चेहरा आणि मान."

"कोणाचा?"

विनोद वाया गेला. दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम, असं तिनं ऐकवलं. ट्यूबवर एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, जो ५० आकडा छापलेला असतो तो एवढा जाड थर लावून काढलेला असतो. निम्मंच लावलं तर ते ५० राहत नाही, बरंच खाली येतं. ही चाचणी स्वयंसेवकांच्या पाठीवर करतात, हेही तिच्याकडूनच कळलं, आणि मग मला सगळा उलगडा झाला. पाठीला ना भुवया असतात, ना मिशा, ना नाकपुडीची खाच. पाठीवर दोन मिलिग्रॅम कुणीही लावून दाखवेल.

चेहऱ्याचं तसं नाही. पहिली रेघ मुकाट्यानं जिरते. दुसरी जिरायला नकार देते. ती कपाळावरून गालावर, गालावरून हनुवटीवर नुसती फिरत राहते आणि जाता जाता मिशीत थोडी वस्ती करते. झिंक ऑक्साइडवालं असेल तर सगळ्या तोंडाला राखाडी कळा येते आणि भुवया बघता बघता पिकतात. त्याआधी मॉइश्चरायझर लावायचं असतं (हा क्रम चुकवायचा नाही), ते वाळायच्या आत घाई केली की बोटाखाली बारीक बारीक वळ्या निघायला लागतात. आपली कातडीच निघून येते आहे असं वाटून पहिल्यांदा मी चांगलाच घाबरलो होतो. शिवाय चेहरा नेमका कुठे संपतो, हा माझ्या बाबतीत वादाचा मुद्दा आहे. केस दरवर्षी मागे सरकतात आणि दोन बोटांच्या हद्दीत नवीन जमीन येते.

"कान राहिले," भाची म्हणाली. "आणि पापण्या. आणि मानेची मागची बाजू."

आकड्यांची गंमत वेगळीच. १५ म्हणजे भाजून काढणारे किरण साधारण ९३ टक्के अडतात, ३० म्हणजे ९७ आणि ५० म्हणजे ९८. आकडा तिपटीहून जास्त वाढला आणि पदरात पडले पाच टक्के! शंभर टक्के अडवणारं सनस्क्रीन जगात नाही. या आकड्याची पद्धत रूढ केली ती फ्रान्झ ग्रायटर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं. १९३८ मध्ये आल्प्समधलं एक शिखर चढताना तो उन्हानं भाजून निघाला आणि त्यातून कामाला लागला, असं सांगतात. मी भाजलो की फार तर छत्री शोधतो.

पण दोन बोटं परवडली, असं वाटायला लावणारा नियम म्हणजे दर दोन तासांनी पुन्हा लावणे. सकाळी आंघोळ झाल्यावर, कोरड्या तोंडावर, पंख्याखाली उभं राहून लावणं एक. भर दुपारी रस्त्यावर घाम, धूळ आणि सकाळचं उरलंसुरलं सनस्क्रीन यांच्या मिश्रणावर नवीन थर चढवणं दुसरं. भिंत न खरवडता रंग मारला की जे होतं तेच होतं. यातून सुटका म्हणून मी बाहेर न पडण्याचा पर्याय सुचवला.

"खिडकीजवळ बसतोस?"

"बसतो. पण काच बंद असते."

इथे तिचे डोळे चमकले. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार, यूव्हीबी आणि यूव्हीए. साधी काच यूव्हीबी किरण बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र पुष्कळसे आत येतात. यूव्हीबी भाजतात म्हणून निदान कळतात तरी. यूव्हीए गुपचूप खोल जाऊन सुरकुत्यांची तयारी करतात, म्हणून ट्यूबवर नुसता आकडा बघायचा नाही, 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे दोन्ही किरण अडवणारं, हे शब्दही शोधायचे. मग तिनं फोनवर एक फोटो दाखवला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली छापून आलेला. ६९ वर्षांचा गृहस्थ, २८ वर्षं मालाची गाडी चालवलेली. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी, आणि खिडकीकडची डावी बाजू उजवीच्या वडिलांची वाटावी इतकी सुरकुतलेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी खिडकीची जागा सोडली. ती मिळावी म्हणून वर्षानुवर्षं टपून बसलेल्या सहकाऱ्याला माझ्या मनाचा मोठेपणा बघून भरून आलं.

आणि एवढं सगळं आपण टाळण्यासाठी करत असताना जगात काही लोक तेच किरण पैसे देऊन अंगावर घेतात. टॅनिंग बेड नावाची पेटी असते, आत सगळीकडे अतिनील नळ्या. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, आत झोपायचं, वरून झाकण ओढायचं. भाचीपुढे मी याचं नाव काढलं आणि पस्तावलो. कातडी रापते ती खूश होऊन नव्हे, तर किरणांनी आतल्या पेशींचा डीएनए बिघडायला लागतो म्हणून ती मेलॅनिन हे रंगद्रव्य पुढे करते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या पेट्या तंबाखूच्या पंगतीला, म्हणजे कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवल्या. त्याच वर्षी ब्राझीलनं सौंदर्यासाठी त्या वापरण्यावर सरसकट बंदी घातली. आधी पेटीत थोडं रापून घेतलं की पुढे ऊन बाधत नाही, हाही भ्रमच. तेवढ्या रापण्यानं मिळणारं संरक्षण अगदीच किरकोळ असतं.

रंगच हवा असेल तर लोशन मिळतं. त्यातलं डीएचए हे द्रव्य कातडीच्या वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी संयोग पावतं आणि काही तासांत तपकिरी रंग चढतो. भाचीच्या हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीनं हा प्रयोग केला होता. आधी अंग घासून घेणं, कोपरं-गुडघ्यांना अगदी पुसटसं लावणं, हे सगळं तिनं नीट पाळलं. फक्त शेवटी हात धुवायचे विसरली. सकाळी अंग सोनेरी आणि तळवे नारिंगी! रंग उतरायला जवळपास आठवडा लागतो. तोवर त्वचारोग विभागात पेशंट तपासताना ती खोलीत शिरण्याआधीच हातमोजे चढवायची. शिवाय या रंगावरही सनस्क्रीन लावायचं ते लावायचंच. म्हणजे दोन बोटं कुणालाच चुकलेली नाहीत, या विचारानं मला जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं ऑफिसातल्या निरोप समारंभापर्यंत टिकलं. आमचे एक वरिष्ठ निवृत्त होत होते. त्यांचं आणि माझं कधीच पटलं नाही, हे सगळ्या मजल्याला ठाऊक. लिफ्ट बंद म्हणून मी जिने चढून गेलो, घाम कपाळावरून निघाला आणि वाटेतलं सनस्क्रीन बरोबर घेऊन थेट डोळ्यांत उतरला. असे झोंबतात ना डोळे! रुमालानं पुसावं तर रुमालालाही तेच लागलेलं. भाषणं सुरू झाली आणि माझ्या गालांवरून धारा वाहू लागल्या. आधी शेजारच्यांनी पाठीवर हात ठेवला. मग बोलणारे मध्येच थांबले. शेवटी ते वरिष्ठ स्वतः उठून आले आणि "मी तुम्हाला ओळखलंच नाही हो!" म्हणत त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं. त्यांचाही गळा दाटून आला होता. सुटलो तेव्हा त्यांच्या नव्या काळ्या कोटाच्या खांद्यावर माझा कपाळापासून हनुवटीपर्यंतचा पांढरा ठसा उमटला होता. मिशीसकट.

संध्याकाळी फोनवर भाचीला हे सगळं रंगवून सांगितलं. ती हसेल म्हणून मी थांबलो.

"मग नंतर परत लावलंस ना?" ती म्हणाली. "चेहऱ्यावरचं तर सगळं त्यांच्या कोटावर गेलं."