परदेशातून जुनी स्पोर्ट्स कार घेताय? इंजिनाकडे नंतर वळा

जुनी स्पोर्ट्स कार विकणारा आधी इंजिन चालू करून दाखवतो. एक-दोन रेस मारतो आणि घेणारा तिथेच पाघळतो. व्हिडिओवर सौदा होणार असेल तर विचारायलाच नको, कारण आवाज आणि चकाकी या दोनच गोष्टी व्हिडिओत छान दिसतात.

माझं मत उलट आहे. या व्यवहारात इंजिन हा सगळ्यात कमी धोक्याचा भाग. पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळतात, इंजिन उतरवून पुन्हा बांधणारे कारागीर मिळतात आणि खर्चाचा अंदाज आधी लावता येतो. कुजलेला पत्रा किती आत गेलाय याचा अंदाज कापून बघेपर्यंत कोणालाच येत नाही, आणि खोटा चासी नंबर तर पैसे ओतूनही खरा होत नाही. म्हणून आधी गाडीची ओळख तपासा, मग पत्रा, मग इंजिन-गिअरबॉक्स. रंग आणि क्रोम सगळ्यांच्या मागून.

ओळख म्हणजे काय, ते निसान स्कायलाइन जीटी-आरवरून सांगतो. आर३२ पिढीची जीटी-आर १९८९ ते १९९४ या काळात बनली. जपानी बाजारातल्या या गाडीला १७ अंकी व्हिन (गाडीचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतो, छोटा चासी नंबर असतो, आणि तो बॉनेटखाली मागच्या भिंतीवर ठोकलेला असतो. खऱ्या जीटी-आरचा नंबर ‘बीएनआर३२’ने सुरू होतो. ‘एचसीआर३२’ दिसलं तर ती फक्त मागची चाकं फिरणारी साधी टर्बो स्कायलाइन आहे, वर बंपर, बॅज आणि स्पॉइलर जीटी-आरचे चढवलेत. मागे किती का रुंद फेंडर असेनात. आणखी एक सोपी खूण: जीटी-आरचं बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. तिथे लोहचुंबक चिकटला तर प्रश्न विचारायला सुरुवात करा. उत्तर ‘अपघातानंतर बदललेत’ असंही असू शकतं, पण मग तो अपघात कागदावर दिसायला हवा.

किलोमीटरच्या आकड्यावर या गाडीत भिस्त ठेवू नका. जपानी बाजारातला मूळ स्पीडोमीटर १८० पर्यंतच असतो. त्यापुढचे आकडे असलेला मीटर दिसला की तो नंतर बसवलेला आहे, आणि त्यावरचं रीडिंग त्या मीटरचं आहे, गाडीचं नव्हे. जपानी लिलावातून आलेल्या गाडीची तपासणी-पत्रिका मागा, पण विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर थांबू नका. त्या फोटोंमध्ये सर्रास खाडाखोड होते. चासी नंबर आणि लिलावाची तारीख देऊन त्रयस्थाकडून प्रत काढून घ्या. पत्रिकेवरची गाडीची आकृती वाचायला शिका: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एस म्हणजे गंज, दोनदा एक्स म्हणजे बदललेला भाग. ग्रेडच्या जागी आर किंवा आरए असेल तर अपघाताची दुरुस्ती झालेली आहे. अशी गाडी घेऊच नये असं नाही, पण धडधाकट गाडीच्या भावाने घेऊ नये.

ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत काम सोपं आहे. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट आणि एमजी, ट्रायम्फसारख्या गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून दाखला देतात. मूळ इंजिन नंबर, मूळ रंग, गाडी कोणत्या बाजारासाठी बनली, हे सगळं त्यात येतं. सौदा ठरण्याआधी हा दाखला काढायला विकणारा कां-कू करत असेल तर तेवढ्यावरच काय समजायचं ते समजा. अमेरिकन कॉर्व्हेटमध्ये नंबर पुन्हा ठोकण्याचा धंदा जुना आहे. इंजिन ब्लॉकच्या ज्या सपाट पट्टीवर नंबर असतो, तिथे कारखान्यातल्या यंत्राने पडलेल्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. पट्टी गुळगुळीत आणि अक्षरं टवटवीत असतील तर ‘मॅचिंग नंबर्स’साठी, म्हणजे इंजिन मूळचंच आहे या दाव्यासाठी, एक पैसाही जास्त देऊ नका.

आता पत्रा. गाडी कुठे बनली यापेक्षा कुठे राहिली, याला माझ्या लेखी जास्त महत्त्व आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातली गाडी आणि कोरड्या वाळवंटी भागातली गाडी एकाच दिवशी कारखान्यातून निघाली असली तरी आज त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. अमेरिकेत पंचमहासरोवरांच्या भोवतालची राज्यं, जपानात उत्तरेकडचा बर्फाळ भाग आणि जवळपास अख्खं ब्रिटन मिठाचं. अ‍ॅरिझोना किंवा आतल्या कॅलिफोर्नियातल्या गाडीचा डॅशबोर्ड तडकलेला असेल, रबरं वाळून खडखडीत झालेली असतील, रंग उडालेला असेल, पण खालचा पत्रा शाबूत असतो. रबर आणि सीट नवीन मिळतात. नव्या रंगात चमकणाऱ्या मिठाच्या देशातल्या गाडीपेक्षा ही विटलेली गाडी मी डोळे मिटून निवडेन. (डोळे मिटून म्हणजे लिफ्टवर न चढवता नव्हे.)

उदाहरण म्हणून एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं बनली, सुटे भाग भरपूर मिळतात, म्हणून नवखे हिच्याकडे वळतात. हिला वेगळी चासी नाही. छत नसलेल्या मॉडेलमध्ये सगळी ताकद दाराखालच्या लांबट पेटीत, म्हणजे सिलमध्ये असते. ही पेटी अनेक थरांची: बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी. गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत मधला पत्रा बहुतेक संपलेला असतो. मग स्वस्तातला कारागीर काय करतो? दारापुरती बाहेरची पट्टी वरून वेल्ड करतो, पुट्टी भरतो आणि रंग मारतो. खरा बाहेरचा सिल पुढच्या फेंडरच्या मागे आणि मागच्या फेंडरच्या खाली बराच आत जातो. तो नीट बदलायचा तर पुढचा फेंडर काढावा लागतो आणि मागच्या फेंडरचा खालचा तुकडा कापावा लागतो. म्हणून ‘सिल नवीन टाकलेत’ हे ऐकल्यावर कामाचे फोटो मागा. फेंडर काढलेला फोटो नसेल तर काम वरवरचं समजा.

प्रत्यक्ष तपासणीत दाराच्या फटी बघा. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, फट सारखी हवी. गाडी एका बाजूने जॅकवर उचला आणि दार उघडून-लावून बघा. फट बदलली किंवा दार घासायला लागलं तर मधला भाग वाकतोय. तळाच्या कॅसल रेलवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजका भदभदतो. सिलच्या खालच्या निचऱ्याच्या भोकातून बोरोस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत घाला. भोकंच बुजलेली असतील तर पाणी आत साठत होतं, निष्कर्ष तुम्हीच काढा. आणि खालून ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला तर तो गाडी जपली म्हणून मारलाय की झाकायला, हे विचारायला लाजू नका.

रंगाची जाडी मोजणारा मीटर जवळ ठेवा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते २०० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट, आणि १००० च्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे. फायबरच्या गाड्यांवर हा मीटर आणि लोहचुंबक दोन्ही निकामी. त्या गंजत नाहीत ही समजूतही अर्धीच खरी आहे. लोटस एलानच्या फायबरखाली पोलादी कणा आहे आणि कॉर्व्हेटच्या काचेभोवती पोलादी सांगाडा. दोन्ही गंजतात, आणि दिसत नाहीत म्हणून जास्त महागात पडतात. पोर्श ९११ मध्ये १९७६ च्या मॉडेलपासून पत्र्याला जस्ताचा मुलामा आला. त्याआधीच्या गाड्यांत बॅटरीची जागा, पुढच्या सस्पेन्शनचा तळ आणि सिलची मागची टोकं आधी बघा. नंतरच्या गाडीतही अपघातात जिथे वेल्डिंग झालं तिथला मुलामा जळालेला असतो, तेव्हा तिथे गंज धरतोच.

पुरात सापडलेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते. सीटखालच्या स्प्रिंगा आणि टेललाइटचा आतला तळही बघा.

आता इंजिन. गाडी थंड असतानाच चालू करून दाखवा असं आधी सांगून ठेवा आणि गेल्यावर एक्झॉस्टला हात लावून खात्री करा. गरम करून ठेवलेली गाडी बऱ्याच गोष्टी लपवते. त्यानंतर मात्र इंजिन पूर्ण गरम करून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, घ्या: सगळे स्पार्क प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल बंद, बॅटरी चार्ज, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात १० टक्क्यांहून जास्त फरक नको. फरक असेल तर कमी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं, याहून बोलकी. हवा भरल्यावर फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

प्रत्येक मॉडेलचं आपापलं दुखणं असतं, ते आधी वाचून जा. १९७० च्या दशकातल्या पोर्श ९११ च्या २.७ लिटर इंजिनाचं केस, म्हणजे बाहेरचं कवच, मॅग्नेशियमचं आहे. उष्णतेने सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड (बोल्ट) त्यातून उपटून येतात. स्टडच्या जागी इन्सर्ट बसवलेत का, बिल आहे का, हे विचारा. १९८४ च्या आधीच्या ९११ मध्ये चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) दगा देतो, नंतरचा ऑइलवर चालणारा टेन्शनर जुन्या इंजिनात बसवता येतो. जीटी-आरच्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकवरची ऑइल पंप फिरवणारी जागा अरुंद होती, त्यामुळे वरच्या आरपीएमवर पंपाचा गिअर फुटतो. त्याच गाडीच्या टर्बोचं सिरॅमिक चाक बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवल्यावर तुटतं, म्हणून ‘थोडा बूस्ट वाढवलाय’ हे कौतुकाने सांगणाऱ्याला टर्बो कोणता बसवलाय ते विचारा. फेरारी एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट बदलायला इंजिनच खाली उतरवावं लागतं. बेल्ट किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदलतात. कमी चाललेली गाडी म्हणजे खर्च वाचलेली गाडी हे इथे लागू नाही.

घेताना हेही बघा की गाडी कोणत्या बाजारासाठी बनली होती. ट्रायम्फ टीआर६ ब्रिटनमध्ये ल्युकसच्या फ्युएल इंजेक्शनसह विकली गेली, अमेरिकेत कार्ब्युरेटरवर, आणि ताकदीत बराच फरक आहे. चासी नंबर सीपी किंवा सीआरने सुरू झाला तर इंजेक्शनची, सीसी किंवा सीएफने सुरू झाला तर अमेरिकेची. १९७५ पासून अमेरिकेला गेलेल्या एमजीबीला दोन एसयू कार्ब्युरेटरांऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग आहे, आणि रबरी बंपरच्या गाड्या सुमारे दीड इंच उंच आहेत. यात वाईट काही नाही, पण भाव त्याप्रमाणे हवा. डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे आणलेलं असेल तर पेडल बॉक्स, स्टिअरिंग रॅक आणि बॉनेटखालच्या भिंतीवरचं वेल्डिंग बारकाईने बघा. भिंतीला जुन्या बाजूची भोकं नुसती बुजवलेली दिसतात.

आयातीचे नियम गाडी बघायला जाण्याआधी वाचा. अमेरिकेत गाडी किमान २५ वर्षं जुनी हवी अशी अट आहे, कॅनडात १५ वर्षं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅस्बेस्टॉसला पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या गाडीचे ब्रेक शू, क्लच प्लेट, गॅस्केट यांत ते हमखास असू शकतं. जहाजाच्या कागदावरचा चासी नंबर अक्षर न अक्षर गाडीवरच्या नंबराशी जुळवून घ्या, शून्य आणि ओ यांची गल्लत इथेच होते. विमा नुसता ‘गाडी पूर्ण गेली तर’ असा नको, ओरखडा आणि पोचाही त्यात हवा, आणि त्यासाठी लोडिंगच्या दिवशीचे तारखेसह फोटो लागतात. सुटे केलेले भाग खोक्यात येणार असतील तर यादी करून घ्या. इंजिनाचे भाग पुन्हा मिळतील, पण दुर्मिळ मॉडेलची क्रोम पट्टी किंवा टेललाइटची काच मिळवताना वर्ष जातं.

गाडी हातात आली की लगेच चावी फिरवू नका. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचे आहेत, नक्षी कितीही खोल असो, काढून टाका. ब्रेकचे रबरी पाइप आणि ब्रेक ऑइल बदला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, मग इग्निशन बंद ठेवून स्टार्टर मारा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत प्लग लावू नका. जुने पेट्रोलचे पाइप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आतून फुगतात आणि तडकतात, ते टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे नवीन टाका. इलेक्ट्रिक पंप असेल तर इंजिन बंद ठेवून तो पाच मिनिटं चालवा आणि प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघा. अग्निशामक हाताशी ठेवूनच.