३३७ टन जळाले, भोपाळचं विष जिथल्या तिथे आहे

जून २०२५ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरच्या भट्टीत भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या कचऱ्याची शेवटची खेप जळाली आणि तेव्हापासून एक मेसेज फिरतो आहे. मला तो आधी घरच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, मग शाळेतल्या वर्गमित्रांच्या. त्यात म्हटलंय ते असं : भोपाळ चाळीस वर्षांनी विषमुक्त झालं, सगळा कचरा जाळून नष्ट केला, तसाही तो जुना होऊन निर्विष झाला होता, एनजीओवाल्यांनी उगाच अडवून ठेवला होता, आणि आता आपले कायदे इतके कडक आहेत की असं पुन्हा घडणार नाही. पाठवणाऱ्यांना भोपाळबद्दल मनापासून वाटतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच नुसतं ‘हे खोटं आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

‘भोपाळ विषमुक्त झालं’

जळाला तो कचरा ३३७ टन. त्याचा हिशोब सरकारनेच दिला आहे : १६२ टन माती, ९२ टन सेविन (तिथे बनणारं कीटकनाशक) आणि नॅफ्थॉल (त्याचा कच्चा माल) यांचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार कीटकनाशक, २९ टन रिअॅक्टरमधला गाळ. कारखान्याच्या आवारात उघड्यावर पडलेलं गोळा करून गोदामात भरून ठेवलं होतं, ते हे. जमिनीच्या वरचं, हाताला लागलेलं.

जमिनीखालचं काय? १९६९ पासून १९८४ पर्यंत हा कारखाना आपला कचरा आवारातच खड्ड्यांत टाकत होता. १९७७ पासून विषारी सांडपाणी कारखान्याबाहेरच्या मोठ्या तळ्यांत सोडलं जाऊ लागलं. उन्हाने पाणी उडून जाईल आणि तळाशी गाळ राहील, अशी ती कल्पना. तळाला प्लास्टिकचं अस्तर होतं. ही तळी गळताहेत हे कंपनीच्याच १९८२ च्या अंतर्गत पत्रव्यवहारात नोंदलेलं आहे. म्हणजे वायू सुटण्याच्या दोन वर्षं आधी. हा तपशील मेसेजमध्ये कधीच नसतो. भोपाळ म्हटलं की आपल्याला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्रच आठवते. पण पाणी आणि माती नासण्याची गोष्ट वेगळी आहे. ती त्या रात्रीच्या आधी सुरू झाली आणि त्या रात्रीनंतर थांबली नाही.

नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या दोन सरकारी संस्थांनी २०१० मध्ये कारखान्याच्या आतल्या आणि आसपासच्या दूषित मातीचा अंदाज दिला : ११ लाख टन. ३३७ शी भागून पाहा. जळालेल्या प्रत्येक किलोमागे सव्वातीन हजार किलो माती तिथेच आहे. कुणी म्हणेल, मातीतलं विष विरळ असतं, ही तुलना रास्त नाही. काही अंशी खरं आहे. पण जळालेल्या ३३७ टनांतही जवळजवळ निम्मी मातीच होती, आणि हापशाच्या पाण्यात जे उतरतं ते मातीतूनच उतरतं. २००९ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेला कारखान्यापासून तीन किलोमीटरवरच्या भूजलातही कीटकनाशकांचे अंश सापडले होते. त्याआधी, २००४ मध्येच, आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. ३३७ टन पिथमपुरात जळाले म्हणून भोपाळातल्या त्या पाण्यात काही फरक पडलेला नाही.

‘जाळून नष्ट केला’

इथे रसायनशास्त्र आडवं येतं. सेंद्रिय रेणू पुरेशा उष्णतेत तुटतात, हे बरोबर. म्हणूनच अशा भट्टीच्या दुसऱ्या कक्षात ११०० अंशांच्या आसपास तापमान आणि त्या तापमानात वायूला दोन सेकंदांचा मुक्काम लागतो. पण शिसं, पारा, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत. ती जळून नाहीशी होत नाहीत. एकतर वाफ होऊन धुराड्याकडे जातात, नाहीतर राखेत उतरतात. धुरातले आम्ल वायू मारायला चुना घालावा लागतो, जड धातू आणि जळताना तयार होणारं अतिविषारी डायॉक्सिन पकडायला कोळशाची भुकटी घालावी लागते. म्हणून ३३७ टन जाळल्यावर जे उरलं ते कमी झालं नाही, वाढलं : राख आणि अवशेष मिळून ८०० टनांहून जास्त. चाचणीत धुरातली प्रमाणं मर्यादेत होती असं प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं. ते खोटं आहे असा माझा आरोप नाही. माझं म्हणणं इतकंच की ‘नष्ट’ हा शब्द इथे चालत नाही. ही राख पुन्हा अस्तर घातलेल्या खड्ड्यातच जाणार आणि त्या अस्तरावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा ठेवावा लागणार. अस्तर घातलेल्या तळ्यांचा अनुभव भोपाळला आहे.

‘कचरा जुना होता, निर्विष झाला होता’

यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करतो. ज्या मिथाइल आयसोसायनेटने हजारो माणसं मारली ते या कचऱ्यात असणं शक्य नव्हतं. पाण्याशी गाठ पडताच ते टिकत नाही. सेविनही कालांतराने विघटित होतं. पण या कारखान्यात एचसीएच म्हणजे बीएचसी हे कीटकनाशकही हाताळलं जात होतं, क्लोरीनयुक्त द्रावकं होती, पारा होता. एचसीएचचे काही प्रकार मातीत दशकानुदशकं राहतात. पाऱ्याला तर जुनं होणं ठाऊकच नाही. आणि सगळं निर्विष झालं होतं तर १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा सीलबंद कंटेनर, रिकामे केलेले रस्ते आणि अडीचशे किलोमीटर पोलीस बंदोबस्त कशासाठी होता?

‘एनजीओंनी अडवलं’

हे वाक्य महाराष्ट्रातून कुणी पाठवलं की मला विशेष लागतं. हा कचरा आधी गुजरातमध्ये अंकलेश्वरला जाणार होता. गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये तो नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्र सरकारने आणि नागपूरकरांनी विरोध केला. २०१२ मध्ये विमानाने हॅम्बुर्गला न्यायची बोलणी झाली; तीही फिसकटली. आपल्या दाराशी आला तेव्हा आपणही ‘नको’ म्हणालो, आणि ते म्हणण्यात काही चूक नव्हती. मग भट्टीला लागून असलेल्या तारपुरा गावच्या लोकांनी तेच म्हटलं तर ते अडाणी कसे? ३ जानेवारी २०२५ ला पिथमपुरात दोन माणसांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. एनजीओंवर नेहमी परदेशी पैशाचा आरोप होतो; पण पैशासाठी कुणी असं करत नाही.

भोपाळच्या संघटना तर हा कचरा तिथेच राहू द्या असं म्हणतच नव्हत्या. ज्याने केला त्याने तो देशाबाहेर नेऊन निस्तरावा, ही त्यांची मागणी होती.

‘आता कायदे कडक आहेत’

भोपाळमुळे कायदे झाले, हे निर्विवाद. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण १९८७ मध्ये आलं. घातक कचऱ्याचे नियम १९८९ चे, ते २०१६ मध्ये नव्याने लिहिले गेले. पण कडकपणा वाढत चालला आहे का? १९८६ च्या कायद्यात नियमभंगाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढली; १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे, आणि कैद उरली ती दंड न भरल्यास. समर्थक म्हणतात, तसंही तुरुंगात कोण जात होतं? तो मुद्दा अंमलबजावणीचा आहे, शिक्षा काढून टाकण्याचा नाही. मोठ्या रसायन कंपनीच्या ताळेबंदात १५ लाख कुठे दिसतील, हे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी जे हिशोबनीस आहेत त्यांनीच सांगावं. आणखी एक : भोपाळात बनणाऱ्या सेविनवर, म्हणजे कार्बारिलवर, भारतात बंदी आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. दुर्घटनेनंतर ३३ वर्षांनी.

मेसेजच्या शेवटी सरकारचे आभार मानले आहेत, १२६ कोटी रुपये खर्च केले म्हणून. ते आपल्या करांतले आहेत. प्रदूषण करणाऱ्यानेच ते निस्तरायचा खर्च द्यायचा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात लावलं होतं. भोपाळच्या कारखान्याची जमीन १९९८ मध्ये राज्य सरकारकडे परत आली, २००१ मध्ये युनियन कार्बाइड ही कंपनी अमेरिकेच्या डाऊ केमिकलने विकत घेतली, आणि २००५ मध्ये केंद्राच्या रसायन खात्याने सफाईसाठी डाऊकडून १०० कोटी आगाऊ मागितले. ती मागणी करणारं सरकारच होतं, एनजीओ नव्हे. डाऊने ती जबाबदारी मानलेली नाही. ११ लाख टन मातीच्या सफाईचं बिल अजून कुणाच्याच नावावर फाडलेलं नाही.