‘पूर्वीच्या बायका अंगभर नेसत’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सिंहस्थाच्या तयारीची चर्चा सुरू झाल्यापासून नाशिकमधील सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : हजारो वर्षे आपल्या स्त्रिया अंगभर साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन वावरल्या, ही मर्यादा सर्वांना सारखी होती, जीन्स परकी आहे, आणि मर्यादा सुटली म्हणून छेडछाड वाढली, तेव्हा तीर्थक्षेत्रातल्या मुलींनी तरी जुने वळण पाळावे. तो पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या आदराची माणसे आहेत, म्हणूनच उत्तर सविस्तर देतो.

हजारो वर्षांचाच हिशेब करायचा, तर कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची जोडपी पाहावीत. त्यांतील स्त्रियांच्या कमरेला वस्त्र आहे, मेखला आहे, अंगावर भरपूर दागिने आहेत. छाती झाकणारे वस्त्र मात्र नाही, आणि ही शिल्पे उपासनेच्या जागेच्या दारातच कोरलेली आहेत. इतके मागे जायचे नसेल, तर घरातल्या पेट्या उघडाव्यात. माझी आजी नऊवारी नेसत असे. गोदाघाटावर धुण्याला बसताना ती काष्टा घट्ट खोवून लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेई, आणि वाड्यात कोणालाही त्यात वावगे दिसत नसे. तिच्या धाकट्या जावेने गोल पातळ नेसायला सुरुवात केली, तेव्हा मात्र ‘काष्टा सोडला, आता काय राहिले?’ असे तिला चार बायकांत ऐकून घ्यावे लागले. पोटऱ्या झाकणारे तेच पाचवारी पातळ आज मर्यादेचा नमुना ठरले आहे. पुढे पंजाबी ड्रेसवरून घरोघर असेच वाद झाले, आणि आता जीन्सला नावे ठेवणारे ‘निदान पंजाबी ड्रेस तरी घाल’ म्हणतात.

मर्यादा सर्वांना सारखी होती, हे विधान मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते, कारण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नेसणे पाहून बाईची जात ओळखता यावी, अशीच व्यवस्था होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती बदला आणि वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या बायकांप्रमाणे नेसा, असे त्यांनी सांगितले, आणि अनेकींनी ते लगेच अमलात आणले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, २ मार्च १९३० रोजी, आपल्याच गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यातही स्त्रिया होत्या. दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात तर खालच्या समजल्या जाणाऱ्या नाडार जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक दशके झगडावे लागले आणि १८५९ मध्ये तो मिळाला, तोही सवर्ण स्त्रियांच्या पद्धतीने झाकायचे नाही, या अटीवर. सवर्ण घरांतही समानता होती असे नाही : नवरा गेला की केशवपन आणि लाल आलवण, म्हणजे विधवेने नेसायचे लुगडे. ज्यांना ‘जुने वळण’ हवे आहे, त्यांनी यातले कोणते, ते एकदा स्पष्ट करावे.

जीन्स परकी आहे, हे मान्य. पगडी, अंगरखा आणि उपरणे सोडून शर्ट-पँट घालणाऱ्या पुरुषांनी ते सांगावे, याची गंमत वाटते इतकेच. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत विरळणीला येणाऱ्या बायका ऊन आणि औषध अंगावर येऊ नये म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात, मनगटाची बटणे लावतात, तोंड-डोके रुमालाने बांधतात. त्या शर्टामुळे संस्कृती बुडाल्याची तक्रार एकाही बागाईतदाराकडून मी ऐकलेली नाही.

छेडछाडीच्या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत, नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. नात्यातल्या, शेजारच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या माणसाला रस्त्यावरच्या जीन्सने बिघडवले, असे म्हणणे टिकत नाही. भारतीय न्याय संहितेची विनयभंग, लैंगिक छळ आणि पाठलाग यांविषयीची ७४, ७५ आणि ७८ ही कलमे वाचली, तर त्यांत आरोपीच्या कृतीचे वर्णन सापडते; पीडितेच्या कपड्यांचा उल्लेख एकाही ठिकाणी नाही.

राहिला तीर्थक्षेत्राचा प्रश्न. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर नागा साधू स्नानाला येतात, आणि त्यांच्या नग्नतेला कोणी असभ्य म्हणत नाही, कारण तिचा अर्थ वैराग्याशी जोडलेला आहे. अंगावर काय आहे यापेक्षा पाहणारा त्याचा काय अर्थ लावतो यावर सभ्यता ठरते, हे आपल्याला तिथे बरोबर समजते. इकडे रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत वस्त्रांतरगृहापर्यंत पोहोचता आले नाही, की खेड्यांतून आलेल्या बायका काठावरच कोरडी साडी दोन्ही टोकांनी धरून आडोसा करतात आणि एकेकीने आत जाऊन ओले लुगडे बदलतात. डोक्यावर पदर घेणाऱ्याच या बायका. त्यांच्यासाठी काठावर आणखी आडोसे उभारावेत, अशी एक ओळही त्या लांबलचक संदेशात नाही.