'दोन नंबर' म्हणजे नक्की किती? दाढीवरच्या एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुरुषांची दाढी, डोक्यावरचे आणि अंगावरचे केस यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच झोड उठवली आहे. तिला 'धन्यवाद, मतभेद मान्य' एवढंच उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप असे : लेखात वाचून तुम्ही घरचं मशीन 'दोन'वर लावलं आणि डाव्या गालावरची दाढी जवळजवळ साफ झाली, तीही मुलाचा साखरपुडा तीन आठवड्यांवर आलेला असताना. दाढी मुळातच घाणेरडी, तिच्यात कुत्र्याच्या अंगापेक्षा जास्त जंतू असतात. वस्तऱ्याने उलटी (म्हणजे केस वाढतात त्याच्या विरुद्ध दिशेने), गुळगुळीत दाढी करणं हाच खरा आणि स्वच्छ प्रकार, शिवाय वस्तरा मारला की केस दाट येतात. छाती-काखेतले केस कापणं म्हणजे नटांचे चाळे. आणि आपण कसं दिसावं हे बायकोला कशाला विचारायचं?

पहिला आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक माझी आहे. 'मध्यम दाढीसाठी दोन नंबर लावा' असं मी लिहिलं, पण कुठल्या मशीनचा दोन नंबर ते लिहिलं नाही.

सलूनमधल्या मशीनला जे प्लास्टिकचे कंगवे लागतात त्यांचे नंबर इंचाच्या आठव्या भागावर चालतात. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिमी, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साडेनऊ, चार म्हणजे १३ मिमी. 'झीरो' म्हणजे कंगवाच नाही, नुसतं पातं. मला अभिप्रेत होते ते हे ६ मिमी. घरगुती ट्रिमरच्या डायलवरचे आकडे मात्र बहुधा सरळ मिलिमीटरमध्ये असतात, म्हणजे तिथे २ हा २ मिमीच. त्याहून वाईट म्हणजे काही मशीनवर १ ते २० अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी अर्ध्या मिलिमीटरची. तिथे २ लावलं की दाढी १ मिमी उरते. गाल 'जवळजवळ साफ' झाला असं तुम्ही म्हणता, त्यावरून तुमचं मशीन याच जातीचं दिसतं. मूळ लेखात आता सगळीकडे मिलिमीटर घातले आहेत.

यापुढे कुणीही मशीन हातात घेताना सगळ्यात मोठ्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि एकेक पायरी खाली यावं. पहिला हात गालावर नाही, कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यात मारायचा. तिथे चूक झाली तरी समोरून दिसत नाही. दाढी कोरडी हवी. ओले केस चिकटून बसतात, कंगव्यात उभे राहत नाहीत, आणि वाळल्यावर ठिकठिकाणी झुलपं वर येतात. अजून एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही : एकाच आकड्यावर मशीन केसांच्या कलाने फिरवलं तर केस जास्त उरतात, कलाविरुद्ध फिरवलं तर कमी. एक गाल वरून खाली आणि दुसरा खालून वर केला की दोन गाल दोन रंगांचे दिसतात आणि दोष मशीनला मिळतो. बॅटरी उतरलेली असेल तर मशीन कापण्याऐवजी केस ओढतं, तेव्हा आधी चार्ज करा, आणि पात्यावर महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब सोडा.

आता कुत्रा. ते संशोधन खरं आहे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांना प्रश्न वेगळाच पडला होता : माणसांच्या एमआरआय मशीनमध्ये कुत्र्यांची तपासणी केली तर चालेल का? त्यासाठी त्यांनी १८ दाढीवाल्या पुरुषांचे आणि ३० कुत्र्यांचे नमुने घेतले आणि पुरुषांच्या दाढीत जंतू जास्त निघाले. पण यात बिनदाढीचा एकही पुरुष नव्हता. मग दोष दाढीचा की माणसाच्या कातडीचा, हे त्यातून कळणार कसं? ही तुलना २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात झाली. इस्पितळात काम करणाऱ्या ४०८ पुरुषांत 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' हा जंतू दाढीवाल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांकडे आणि सफाचट चेहऱ्याच्या लोकांपैकी सुमारे ५३ टक्क्यांकडे सापडला. दाढीमुळे जंतू पळतात असा उलटा अर्थ मीही काढणार नाही. वस्तऱ्याने पडणाऱ्या बारीक ओरखड्यांत जंतूंना थारा मिळत असावा, असा संशोधकांचा कयास होता.

दाढी घाण होते ती धुतली नाही तर. तोंड धुताना आपण केसांवरून हात फिरवतो, कातडीपर्यंत पोचतच नाही. मग दाढीत कोंडा होतो, खाज सुटते, आणि लोक त्यावर खोबरेल तेल चोपडतात. कोंडा ज्या बुरशीमुळे वाढतो तिला तेल म्हणजे मेजवानीच. २ टक्के कीटोकोनॅझोलचा (हे बुरशीवरचं औषध) शाम्पू आठवड्यातून दोनदा बोटांच्या पेरांनी मुळांशी चोळून पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. तीन-चार आठवड्यांत फरक दिसला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं. दाढीत रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला असेल तर तो कोंडा नव्हे, चाई असते. तिथे शाम्पूचा उपयोग नाही.

एका बाबतीत मात्र दाढीविरुद्ध तुमच्याच बाजूने बोलतो. रासायनिक कारखान्यात किंवा इस्पितळात चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा लागत असेल, तर मास्कची कड जिथे टेकते तिथे खुंटही नकोत. हवा केसांमधून आत शिरते आणि मास्क नावापुरता उरतो. फक्त कडेच्या आत मावणारी मिशी चालते. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

वस्तऱ्याबद्दल तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्या आहेत : वस्तरा मारला की केस दाट येतात, आणि उलटी दाढी केल्याशिवाय दाढी होत नाही. पहिलीचा निकाल १९२८ मध्येच लागला. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी मोजमाप करून दाखवलं की वस्तऱ्याने केसांची जाडी वाढत नाही, वेगही वाढत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. (बाळाचं जावळ रीत म्हणून जरूर काढा, दाट केसांसाठी नको.)

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. सरळ, विरळ केस असतील आणि कातडी तक्रार करत नसेल तर उलटी दाढी खुशाल करा. पण केस कुरळे असतील तर कातडी ताणून उलटं पातं फिरवलं की केस कातडीच्या खाली कापला जातो. मग तो वाकून आतच वाढतो किंवा बाहेर येऊन पुन्हा आत घुसतो. मानेवर कॉलर घासते तिथे ज्या लाल पुळ्या दिसतात त्या बहुतेक याच. लोक त्यांना 'ब्लेड लागलं' म्हणतात, नवं, जास्त पात्यांचं रेझर आणतात आणि त्रास वाढवून घेतात, कारण अनेक पात्यांचं रेझर केस वर खेचून कापतं. अशा कातडीला एक पातं बरं. त्या पुळ्या जाईपर्यंत वस्तरा बंद ठेवायचा आणि मशीनने १ मिमी खुंट राखायचे. महिनाभर तरी धीर धरावा लागतो.

केसांचा कल कसा ओळखायचा? दोन दिवस दाढी करू नका आणि कापसाचा बोळा चेहऱ्यावरून चारी दिशांनी फिरवा. ज्या दिशेला तो अडकत नाही तो कल. गालावर तो बहुधा खालच्या बाजूला असतो, पण मानेवर पुष्कळांचे केस वर किंवा आडवे, कंठमण्याकडे वळलेले असतात. म्हणजे मानेवर वरून खाली हात मारणारा माणूस नकळत उलटीच दाढी करत असतो. हे एवढं कळलं तरी अर्धी तक्रार मिटते. बाकी नेहमीचं : आंघोळीनंतर दाढी करायची किंवा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं केस भिजू द्यायचे, पातं कातडीशी साधारण तीस अंशांत धरायचं, दाबायचं नाही, आणि चार-पाच दाढ्यांनंतर पातं बदलायचं. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस धरत नाही. एक तांब्या पाणी उकळून, निवळून वापरा किंवा साबण सोडून क्रीम घ्या.

सलूनमध्ये उलट-सुलट काहीही करा, पण नवं अर्धं पातं तुमच्यासमोर वस्तऱ्यात बसवायला सांगा. पातं बदलतात, ब्रश आणि तुरटीचा खडा मात्र सगळ्यांना तोच फिरतो. रक्त आलेल्या गालांवरून फिरलेली तुरटी घेऊ नका. रक्तातून पसरणारी कावीळ, म्हणजे हेपटायटिस बी आणि सी, बघून ओळखता येत नाही.

अंगावरच्या केसांवर तुम्ही जे 'चाळे' म्हणालात त्याला माझी हरकत नाही. छातीवर केस असू द्यावेत की नाही ही निव्वळ आवड आहे, आणि न काढण्यात आरोग्याचा काहीही तोटा नाही. लेखात मी लिहिलं होतं ते काढायचेच असतील तर कसे, एवढंच. छातीवर वस्तरा नको. तिसऱ्या दिवशी खुंट बनियनला घासतात आणि आठवडाभर खाज पुरते. मशीनने ३ ते ६ मिमी ठेवलं की केस आहेत पण शर्टाबाहेर डोकावत नाहीत. काखेत घामाचा वास केसांना धरून राहतो, तिथे कंगवा लावून बारीक करणं पुरतं, आणि त्यानंतर लगेच डिओ मारू नये, आग होते. वॅक्स करायचं तर केस निदान ५-६ मिमी लांब हवेत, नाहीतर ते तुटतात, उपटत नाहीत. केस काढायची क्रीम जांघेत आणि त्याहून नाजूक जागी अजिबात लावू नका. त्यातलं रसायन केसाचं प्रथिन विरघळवतं आणि तिथली पातळ कातडीही भाजतं. जांघेत गजकर्ण असताना वस्तरा फिरवला तर ते आजूबाजूला पसरतं, आणि स्टेरॉइड मिसळलेल्या दुकानी मलमाने वर्षभर मुक्कामाला राहतं. नाकातले केस उपटू नयेत, केसतोड होतं. गोल टोकाच्या कात्रीने बाहेर येतील तेवढेच कापावेत.

'वस्तराच स्वच्छ' या मुद्द्यावर एवढं सांगतो : शस्त्रक्रियेआधी केस काढूच नयेत, अगदी गरज असेल तर फक्त मशीनने काढावेत, वस्तऱ्याने नव्हे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासूनची शिफारस आहे.

राहिली बायकोची आवड. विचारा असं मी म्हटलं त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. १-२ मिमीचे बोथट, ताठ खुंट दुसऱ्याच्या गालाला काचेच्या कागदासारखे लागतात. ५ मिमीनंतर केस वाकायला लागतात आणि टोचणं कमी होतं. गंमत अशी की २०१३ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात बायकांना दहा दिवसांचे दाट खुंट सगळ्यात आकर्षक वाटले होते, पण ते फोटो बघून. फोटो टोचत नाही. त्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की आजूबाजूला दाढीवाले कमी असले की दाढी जास्त आवडते आणि सगळेच दाढीवाले असले की सफाचट चेहरा उठून दिसतो. तेव्हा तुमच्या पिढीला गुळगुळीत गाल आवडावेत आणि तुमच्या मुलाच्या मित्रांना ढोलपथकातली टोकदार दाढी, यात कुणाचंच काही बिघडलेलं नाही.

आता तुमचा डावा गाल. दाढीचे केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिमी वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत ६ ते ८ मिमी. १ मिमीपासून धरलं तरी साखरपुड्यापर्यंत ७ मिमी नक्की होईल. आजच उजवा गाल ३ मिमीवर आणा म्हणजे दोन बाजूंतला फरक डोळ्यांत भरणार नाही. मिशी आणि हनुवटीला हात लावू नका. मधले दिवस फक्त मान साफ करा : कंठमण्याच्या वर दोन बोटं ही खालची हद्द, तिथून दोन्ही कानांच्या मागे जाणारी गोलाई. ती जबड्याच्या हाडावर चढवू नका, डबल हनुवटी उघडी पडते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सगळी दाढी ६ मिमी, म्हणजे सलूनच्या मशीनचा दोन नंबर. आदल्या दिवशी नको. काही राहून गेलं तर सुधारायला एक दिवस हवा.

आणि दाढी काळी करणार असाल तर रंग आजच थोडा कालवून कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास थांबून बघा. बहुतेक काळ्या रंगांत, 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतसुद्धा, पीपीडी नावाचं रसायन असतं. ते कुणाकुणाला असं उलटतं की ओठ आणि गाल सुजून येतात, आणि आधी दहा वेळा सोसलेला रंग अकराव्या वेळीही उलटू शकतो.