हद्द कुणाची?

गेल्या महिन्यात भाजी घेऊन येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी माझ्या गळ्यातलं गंठण हिसकावलं. जवळच्या ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, रस्त्याच्या ह्या बाजूला की त्या?" म्हटलं, त्या. "मग ती हद्द आमची नाही." त्या बाजूला गेले, तर चोर पळाले ह्या बाजूला, म्हणून हद्द ह्यांची. दोन्हीकडे भिंतीवर 'झिरो एफआयआर'चा फलक, म्हणजे हद्द कुणाचीही असो, तक्रार नोंदवून घ्यायचीच. एकाला हारही घातलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विधी महाविद्यालयात मला शिकवायचं होतं 'वैश्विक अधिकारक्षेत्र'. म्हणजे काही गुन्हे इतके भयंकर की ते कुठेही, कुणावरही झालेले असोत, आरोपी सापडला त्या देशाचं न्यायालय खटला चालवू शकतं. खडू हातात घेतला आणि मलाच हसू फुटलं.

तेव्हा वाचकहो, माझं ऐका. गंठणं-बिंठणं कसली हिसकावताय? गुन्हा करायचा तर मोठा करा. त्याला हद्दही मोठी लागते.

सुरुवातीपासून तब्येत नाजूक ठेवावी. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे, त्याला ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनच्या दवाखान्यात पकडलं, ते स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर. माजी राष्ट्रप्रमुख असलात तरी छळाच्या गुन्ह्यातून सुटका नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, ठणकावलं. जगभर टाळ्या. मग डॉक्टरांनी तपासलं, मार्च २००० मध्ये ब्रिटिश गृहमंत्र्यांनी घरी धाडलं, आणि सांतियागोच्या विमानतळावर आजोबा व्हीलचेअर सोडून चालू लागले! २००६ मध्ये वारले. शिक्षा शून्य.

अशा गुन्ह्यांसाठी खास न्यायाधिकरण स्वतः उभारू नये. ढाक्यात २०१० साली ज्यांनी उभारलं, त्या शेख हसीनांनाच त्यानं नोव्हेंबर २०२५ मध्ये फाशी सुनावली, गैरहजेरीत का होईना.

मोठ्या देशाचे असाल तर कष्टच नकोत. बेल्जियमनं १९९३ मध्ये वैश्विक अधिकारक्षेत्राचा कायदा केला, २००१ मध्ये रवांडातल्या हत्याकांडासाठी तिथल्या चौघांना दोषी धरलं, त्यात दोन नन. तोवर ठीक. तक्रारी अमेरिकेच्या नेत्यांपर्यंत पोचल्या, तशी 'नाटोचं मुख्यालय ब्रुसेल्सलाच कशाला हवं?' अशी विचारणा झाली आणि २००३ मध्ये कायद्याचे दात उपटले गेले.

आणि यजमान देश निवडताना पोटच्या पोरीचं स्थळ बघितल्यासारखा निवडावा. आफ्रिकेतल्या चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे, त्यानं सेनेगल निवडला. १९८२ ते १९९० ह्या काळात त्याच्या राजवटीत ४०,००० माणसं मेली, असा चाडच्याच चौकशी आयोगाचा अंदाज. एका पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचं छत टाकून खाली कोठड्या केलेल्या. सत्ता गेल्यावर हा गृहस्थ सेनेगलच्या राजधानीत, डाकारला येऊन निवांत राहिला. २००० साली पीडितांनी तिथं तक्रार केली. न्यायालय म्हणालं, परदेशात झालेला छळ आमच्या कायद्यात बसत नाही. अहो, छळविरोधी कराराला १९८६ मध्येच मान्यता दिलीत ना? दिली, पण कायदा कुठे केला! मग ती माणसं बेल्जियमला गेली. बेल्जियमनं आरोपी मागितला. सेनेगलचं न्यायालय म्हणालं, हेही आमच्या हद्दीत नाही. मग आफ्रिकी महासंघाकडे. महासंघ म्हणाला, तुम्हीच चालवा. २००७ मध्ये कायदा बदलला. मग म्हणे पैसे नाहीत. पैशांची सोय झाली, तर म्हणे न्यायालय वेगळ्या प्रकारचं हवं. ह्या बाजूला की त्या बाजूला, ह्या बाजूला की त्या! तोवर साक्षीदार एकेक करून मरत होते. शेवटी २० जुलै २०१२ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं, विनाविलंब खटला चालवा, नाहीतर माणूस हवाली करा. खटला उभा राहिला नेमक्या तीन वर्षांनी, २० जुलैलाच. ३० मे २०१६ ला जन्मठेप. तक्रारीपासून सोळा वर्षं.

वर्गात पोरं हसली सेनेगलला. मीही हसले असते, पण सेनेगलनं कायदा तरी बदलला.

आपण? वंशसंहारविरोधी कराराला आपण १९५९ मध्ये मान्यता दिली. त्यासाठीचा कायदा आजतागायत नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, मान्यता दिलीच नाही. २०१० मध्ये लोकसभेनं एक विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेत कुजलं. युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांचा कायदा १९६० पासून आहे, पण त्याचं कलम १७ वाचा: सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केल्याशिवाय न्यायालयानं दखलच घ्यायची नाही. तुमचा भाऊ मेला असेल, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, तरी तक्रार सरकारचीच हवी.

१७ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं १९८४ च्या शीख हत्याकांडात काँग्रेसचे नेते राहिलेल्या सज्जन कुमारला जन्मठेप दिली. चौतीस वर्षांनी. त्या निकालात न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, ही पळवाट तातडीनं बुजवा. मुंबईतल्या १९९३ च्या दंगलीतल्या हत्यांचंही नाव घेतलं त्यात. तातडीनं! पुढे, सरकार, तुम्ही जुन्या दंडविधानाच्या जागी अख्खी भारतीय न्याय संहिता नव्यानं लिहायला बसलात. गुलामीच्या खुणा पुसतोय म्हणालात. ३५८ कलमं लिहिलीत. त्यात कलम ३०४ घातलंत, 'हिसकावणे', म्हणजे माझ्या गंठणाची सोय झाली, आभारी आहे. आणि हजारो माणसं ठरवून मारली, तर? त्याला दंगल म्हणा, खून म्हणा, सुटे सुटे आरोप ठेवा आणि साक्षीदार म्हातारे व्हायची वाट बघा.

विसरलात असं म्हणू नका. उच्च न्यायालयानं लेखी सांगितलं होतं. कोरा कागद समोर होता, बहुमत होतं, वेळ होता. तुम्हाला ते कलम नको होतं. आणि आम्ही, सीरियाच्या तुरुंगातल्या छळासाठी कोब्लेंझला जर्मन न्यायालयानं जन्मठेप दिली तेव्हा 'वा, याला म्हणतात न्याय' असं लिहिणारे आम्ही प्राध्यापक, संहितेचा मसुदा संसदेच्या समितीपुढे असताना एक पानाचं निवेदनसुद्धा पाठवलं नाही. मीही नाही. तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते.